जूनचा फेटा

विनयाबाई पेंढारकरांच्या वर्गात उभं राहणं ही शिक्षा नव्हती, मान होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. शिक्षा झालेलं पोर त्यांच्या वर्गात फळ्याखालच्या सतरंजीवर बसायचं, आणि ज्याचा मान असेल ते खुर्चीवर उभं राहायचं. बाईंच्याच खुर्चीवर, बूट काढून.

शाळा द्वारकेत होती. दिल्लीतली द्वारका, श्रीकृष्णाची नव्हे. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि त्या भागाला जुन्या नावानं पप्पनकलां म्हणणारी माणसं अजून भेटायची. सोसायट्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांना नावंही अप्सरा आणि गंधर्व अशी दिली होती, पण नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की मंत्रालयातले साहेबसुद्धा लुंगीवर बादली घेऊन धावायचे. देशाचे दरवाजे उघडले होते म्हणे. त्या दरवाजातून आमच्या सेक्टरात पहिल्यांदा काय आलं असेल तर केबल टीव्ही आणि पब्लिक स्कूल. आईबापांची मागणी एकच, पोरानं इंग्रजीत बोलावं, आणि तेही दिवाळीच्या आत. विमानतळ हाकेच्या अंतरावर. विमान डोक्यावरून जायला लागलं की बाई खडू हातात धरून गप्प उभ्या राहायच्या, आवाज विरला की तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू.

विनयाबाई तासगावकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन दिल्लीत आल्या होत्या. नवरा मुरलीधर, सरकारी नोकरीत, पेंढारकरांची तिसरी पिढी दिल्लीतली. मराठी बोलायचे ते, पण त्यात दर चार शब्दांमागे एक ‘बिल्कुल’ आणि एक ‘अच्छा’. बाईंचं मात्र तसं नव्हतं. वर्गात इंग्रजी, स्टाफरूममध्ये हिंदी, आणि राग आला की शुद्ध तासगावी मराठी. पोरांना त्यातला शब्द कळायचा नाही, पण अर्थ बरोबर पोचायचा. राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असायचा. पण घंटा झाली की तोही घरी जायचा.

पहिली-दुसरीच्या पोरांना वारांची आणि महिन्यांची इंग्रजी नावं मोठ्या अक्षरानं सुरू करायला शिकवणं, हे त्यांचं दरवर्षीचं काम. वाटतं तेवढं सोपं नाही ते. घरी हिंदी किंवा मराठी लिहिणाऱ्या पोराला कसं पटवणार, की अक्षरं दोन जातीची असतात, मोठी आणि छोटी? आपल्या लिपीत सगळी अक्षरं एकाच दोरीवर लटकतात, कुणाचा कुणाला मोठेपणा नाही. इंग्रजीत मात्र मानपान फार, एखाद्या लग्नघरासारखं. बाईंनी सुरुवातीला सगळं करून पाहिलं. तक्ते केले, लाल शाई वापरली, घोकून घेतलं. सोमवार लिहायला सांगावा तर पोरं पहिलं अक्षर छोटंच काढायची, आणि मधलंच एखादं उगाच मोठं.

मग मुरलीधररावांच्या पुतण्याचं लग्न आलं. वरपक्षाकडच्या पुरुषांना फेटे बांधत होते, तर शेजारचे पंजाबी काकाही रांगेत उभे राहिले, आम्हालाही बांधा म्हणून. बाईंनी पाहिलं, एरवी पोट पुढे काढून चालणारे ते काका फेटा डोक्यावर चढताच ताठ झाले. कुणी सांगावंही लागलं नाही. बाईंच्या डोक्यात तिथेच काहीतरी पेटलं. जेवणाची पंगत सोडून त्या फेटे बांधणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पीळ कसा द्यायचा ते शिकून आल्या.

त्यानंतर त्यांच्या वर्गात महिने मानकरी झाले. जुन्या साड्या फाडून त्यांनी पोरांच्या डोक्याच्या मापाचे फेटे केले. जानेवारीचा काळा, संक्रांतीच्या साडीचा. मार्चचा पांढरा, त्यावर होळीत खरोखर रंग उडवलेला. ज्या पोराचा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याला त्या महिन्यात फेटा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचं, पोरानं खुर्चीवर चढायचं, फळ्यावर आपला महिना मोठ्या अक्षरानं लिहायचा, आणि सगळ्या वर्गानं उभं राहायचं. फेटा बांधला की माणूस ताठ होतो, नाव मानाचं असलं की पहिलं अक्षर ताठ होतं, एवढंच व्याकरण. ते पोरांना असं पटलं की बस. दर शुक्रवारी वारांचाही मान व्हायचा. रविवारी शाळा नसते, तर रविवारसाठी बाईंनी सांगून ठेवलं होतं की तो मान घरी करायचा, सकाळी चहाच्या वेळी आईबाबांना उभं करायचं. कितीतरी घरांत रविवारी माणसं पेपर बाजूला ठेवून उभी राहायची. प्रिन्सिपॉल भानुमती मॅडमकडे एका वडिलांची तक्रारही आली. मॅडमनी ती बाईंना वाचून दाखवली आणि दोघी हसत सुटल्या.

या वर्गात सुनयना होती. छावणीतल्या हवालदार हिंदुराव जगदाळ्यांची मुलगी, मूळची कोरेगावकडची. छावणीतली पोरं फौजी ट्रकमधून शाळेत यायची. मागची फळी खाली पडायची, एक जवान एकेकाला काखेत धरून उतरवायचा, आणि सुनयना तेवढी त्याला हात लावू न देता स्वतः उडी मारायची. बारीक अंगाची, दोन वेण्या, आणि हनुवटी कायम वर. वर्गात बाईंना मॅम म्हणायची, पण कुणी आसपास नसलं की बाई. तिच्या तोंडून ‘बाई’ ऐकलं की विनयाबाईंना आपल्या गावची शाळा आठवायची, आणि त्यामुळेच त्या तिच्याशी जरा जास्तच कडक वागायच्या. आपलं माणूस म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको.

पोरगी हुशार होती. पहिलीत सगळ्यांच्या आधी तिला महिने आले. बाई तीच पोरं घेऊन दुसरीत गेल्या, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला एका शुक्रवारी त्यांनी सुनयनाला फळ्यावर बोलावलं. महिने लिही म्हणाल्या. ती जानेवारीपासून लिहीत सुटली, पहिलं अक्षर कसं, खांबासारखं. मे झाला, आणि जूनचं पहिलं अक्षर तिनं छोटं काढलं. जुलै परत मोठा.

बाईंना वाटलं, घाईत चुकली. पुसून परत लिहायला लावलं. परत छोटं. तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः शेजारी उभं राहून पाहिलं, तर पोरीनं बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून शांतपणे छोटं अक्षर काढलं. म्हणजे चूक नव्हती ती, हट्ट होता. बाईंचं टाळकं फिरलं. तासगावचे दोन-चार शब्द बाहेर पडले आणि सुनयनाला सतरंजीवर बसावं लागलं. ती गेली, मांडी घालून बसली, आणि हनुवटी तिथेही वरच. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. घंटा झाल्यावर थांबवून विचारावं म्हटलं, तर बाहेर ट्रकचा भोंगा वाजायला लागला. फौजेचा ट्रक कुणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. सुनयनाची आई आली. तिचं नाव द्वारका. सरकारनं माझ्या नावाची कॉलनी काढली आणि मला मात्र छावणीत ठेवलं, असं ती पहिल्या भेटीपासून सांगत आलेली, आणि दरवेळी स्वतःच हसायची. त्या दिवशी मात्र हसली नाही. म्हणाली, बाई, आमची बदली आली. जबलपूर. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, पोरीचा दाखला तयार ठेवा. आता शाळा पंधरवड्यात सुट्टीसाठी बंद होणार, म्हणजे सुनयना काही परत या वर्गात यायची नव्हती.

पण शिस्त ती शिस्त. त्यांनी आईला फळ्याचा किस्सा सांगितला आणि मग सुनयनाला पुढे घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, की जून छोटा का लिहितेस? पोरगी आधी आईकडे पाहत राहिली, मग बोलली.

“त्याला फेटा नाही ना बाई. ज्याला फेटाच नाही, तो मानकरी कसा?”

बाई म्हणाल्या, अगं, जूनमध्ये शाळाच नसते. सगळ्या दिल्लीत नसते. त्याला मी काय करू?

“संडेला पण नसते,” सुनयना म्हणाली. “संडेचा मान तुम्ही घरी पाठवलात. जूनचा कुठंच नाही पाठवला.”

सुनयनाचा वाढदिवस जूनचा होता. सबंध वर्ष ती पोरगी बाकी सगळ्यांसाठी उभी राहिली होती. जुलैच्या मुलीसाठी, ऑगस्टच्या जुळ्यांसाठी, रडतखडत खुर्चीवर चढलेल्या ऑक्टोबरसाठी. टाळ्या तिच्याच सगळ्यांत जोरात असायच्या. आणि तिच्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं. कधी राहणारही नव्हतं.

आईच मधे पडली, जाऊ द्या बाई, हट्टी आहे, बापावर गेलीये, लिहील मोठं. पण बाई ऐकतच नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेतली पत्र्याची ट्रंक आली होती, जिच्यात घडी घालून फेटे ठेवलेले असायचे. त्या ट्रंकेत जूनचा फेटा नव्हताच. शिवलाच नव्हता त्यांनी. शाळा नसते, मग कशाला, असं म्हणून अकरावरच थांबल्या होत्या. याआधीही जूनची पोरं त्यांच्या हाताखालून गेली असणार, बिचारी गप्प बसली असणार. तोंड उघडणारी ही पहिलीच निघाली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. खुद्द विनयाबाईंचा वाढदिवस कागदोपत्री एक जूनचा. त्यांच्या गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावून टाकला होता. शाळा जूनमध्ये उघडायची, वय नीट बसायचं, आणि आईबापांना तारखा कुठे ठाऊक होत्या? महाराष्ट्रातली एक आख्खी पिढी अशी एका दिवशी जन्मलेली आहे, कुठल्याही ऑफिसात जाऊन पाहा. बाईंची आई म्हणायची, ज्वारीच्या काढणीत झालीस, खळ्यावरून घरी आले आणि झालीस. आता काढणी म्हणजे नेमका कुठला दिवस, ते तिलाही माहीत नव्हतं. त्यामुळे बाईंनी एक जूनला कधी वाढदिवस मानला नाही आणि दुसरा दिवस त्यांच्याकडे नव्हता. मुरलीधररावांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी पेढे आणले होते, तेव्हा ‘खोट्या तारखेचे कसले पेढे’ म्हणून त्यांनी ते शेजारी वाटून टाकले होते. साऱ्या वर्गाला मान वाटत फिरणारी ही बाई, स्वतःचा महिना मात्र त्यांनी कधी आपला म्हटलाच नव्हता. मग त्याला फेटा शिवायचं कसं सुचणार?

बाईंनी वाट काढली. सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. वर्गात त्यांनी जाहीर केलं, की आज सुनयनाचा मान. ट्रंकेतून एक फेटा काढला, हसत हसत तिला खुर्चीकडे बोलावलं. सुनयना जागची हलली नाही. तिनं फेट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, की हा मेचा आहे.

होताच. बाईंना वाटलं होतं, पोरांना कुठे लक्षात राहणार. मग त्या म्हणाल्या, बरं, आजच्यापुरता हा जूनचा समज. तेवढ्यात मागच्या बाकावरून अंशुमन उठला. हा अंशुमन डिसेंबरचा. त्याला नानीकडे जायचं होतं म्हणून त्यानं नोव्हेंबरातच फेटा मागितला होता, रडून गोंधळ घातला होता, आणि बाईंनी त्याला ठणकावलं होतं, की कॅलेंडर कुणासाठी घाई करत नाही. तो आता एवढंच म्हणाला, “मॅम, अभी तो मे चल रहा है.” वाईट मनानं नव्हे, अगदी सहज. पण सगळ्या वर्गानं कॅलेंडरकडे पाहिलं, आणि बाईंच्याच तोंडचे शब्द बाईंच्या गळ्यात येऊन पडले.

सुनयनानं मान हलवली. नको म्हणाली. रुसून नव्हे हो, समजुतीनं, एखाद्या मोठ्या बाईसारखी. मेमध्ये बांधला तर तो मेचाच होईल, म्हणाली. नियम तिला बाईंपेक्षा जास्त पाठ होता. दुपारी ट्रक आला. ती फळी धरून स्वतःच वर चढली. बाई फाटकाशी उभ्या होत्या. तिनं हात हलवला, बाईंनीही हलवला, आणि ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

घरी येऊन बाईंनी नवऱ्यावर राग काढला. कूलरमध्ये पाणी का भरलं नाही, हे निमित्त. मुरलीधररावांनी एवढ्या वर्षांत एक विद्या आत्मसात केली होती, ती म्हणजे गप्प बसून चहा करणे. चहा घेताना बाईंनी सगळं सांगितलं. पोरगी वर्षभर सगळ्यांसाठी उभी राहिली हो, म्हणाल्या, आणि माझ्याकडे तिच्यासाठी एक चिंधीसुद्धा नव्हती. मुरलीधरराव म्हणाले, अच्छा, तो फिर शिवून टाक ना. छावणी काय लंडनला आहे?

शिवायचा ठरला, पण कशाचा? जुन्या साड्या संपल्या होत्या. आणि जूनचा रंग तरी कोणता? बाई गच्चीत उभ्या राहून विचार करत होत्या. बाहेर लूचा गरम वारा वाहत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हानं सगळं करपलेलं, आणि सोसायटीच्या भिंतीलगत बहावा मात्र पिवळ्या घोसांनी लगडून उभा होता. अमलतास म्हणतात त्याला इकडे. एवढ्या उन्हात त्यालाच काय ती हिंमत. बाई आत गेल्या, कपाट उघडलं आणि पिवळी साडी काढली. चांगल्या दिवसासाठी ठेवलेली साडी ती, अजून एकदाही नेसलेली नव्हती, कारण तेवढा चांगला दिवस आला नव्हता. मुरलीधरराव दारातून पाहत राहिले. कात्री चालली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

जून लागला त्या सकाळी दोघं चेतक स्कूटरवरून छावणीकडे निघाले. जगदाळे मंडळी लवकरच निघणार होती, म्हणून जून लागल्याबरोबर जायचं, एवढाच बाईंचा हिशेब. ती आपलीही कागदोपत्री तारीख, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पिशवीत फेटा, आणि काखेत भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळलेलं. गेटवर पहारेकऱ्यानं अडवलं. कुणाकडे, काय काम? बाईंनी सांगितलं, की हवालदार जगदाळ्यांच्या मुलीला फेटा बांधायचा आहे. त्यानं बाईंकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे पाहिलं, आणि सोडलं. लग्नच असेल असं वाटलं असावं त्याला.

क्वार्टरसमोर काळ्या ट्रंका रांगेनं मांडल्या होत्या. हिंदुराव बनियनवर बसून, पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून, त्यांच्यावर आपला नंबर, हुद्दा आणि नाव घालत होते. बाईंना पाहताच ते ताडकन उठले, आत जाऊन शर्ट घालून आले आणि मग रामराम केला. द्वारका वहिनी कणकेच्या हातानं बाहेर धावली. सुनयना दारात आली आणि तिथेच थिजली.

बाईंनी कॅलेंडर उलगडलं, खिडकीच्या गजाला अडकवलं, मेचं पान वर उलटलं. मग पिशवीतून फेटा काढला. पिवळाजर्द. सुनयनानं आधी कॅलेंडर पाहिलं, मग फेटा हातात घेऊन उलटासुलटा करून तपासला. हा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

“जूनचा?” तिनं विचारलं.

“जूनचा. तू गप्प बसली असतीस तर मला कधी कळलंच नसतं बघ.”

खुर्ची नव्हती, सरकारी सामान कालच परत गेलं होतं. हिंदुरावांनी एक ट्रंक पुढे ओढली. बाईंनी पोरीच्या डोक्यावर फेटा बांधायला घेतला, आणि हिंदुरावांना ते दोन मिनिटंही बघवेना. माफ करा बाई, पण हा काय फेटा म्हणायचा, असं म्हणत त्यांनी तो सोडवला आणि आपल्या हातानं बांधला. घट्ट, पीळ देऊन, मागे शेमला आणि वर तुरा. बाईंचा फेटा म्हणजे त्यापुढे आंघोळीनंतर केसांना गुंडाळलेला टॉवेलच होता, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. सुनयना चप्पल काढून ट्रंकेवर चढली. हनुवटी वर. आता प्रश्न वर्गाचा. उभं कोण राहणार? ते सांगावंच लागलं नाही. आवाज ऐकून शेजारच्या क्वार्टरांतल्या बायका आल्या, एक डोगरी, एक तमिळ, त्यांची पोरं आली, पाण्याच्या टाकीशी बसलेले दोन जवान उठून आले. कशासाठी ते कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण ट्रंकेवर फेटा बांधून पोरगी उभी आहे म्हणजे काहीतरी मानाचं असणार. सगळे उभे राहिले. हिंदुराव तर सावधानमध्ये. लेकीकडे पाहताना त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला सावधानमध्ये हात हलवता येत नव्हता.

टाळ्या झाल्या. वहिनीनं गुळाचा खडा प्रत्येकाच्या हातावर ठेवला. सगळं आटोपलं असं वाटत असतानाच मुरलीधरराव, जे घरी सहसा बोलत नाहीत आणि बाहेर तर मुळीच नाही, ते म्हणाले, “आज हिचाही असतो. एक जून.”

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा नवरा असता तर स्कूटर घेऊन पळाला असता. काहीतरीच काय, म्हणाल्या. ती तारीख खोटी, मास्तरांनी लिहिलेली. मी कधी जन्मले ते देवाला माहीत.

सुनयना ट्रंकेवरून ऐकत होती. तिनं कॅलेंडरकडे पाहिलं.

“पण बाई, जून तर खरा आहे ना?”

आणि खाली उतरून तिनं डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला, पीळ न मोडता, आणि बाईंपुढे धरला. बाई नको नको म्हणत राहिल्या. माझं वय काय, लोक काय म्हणतील, ट्रंक मोडेल. पोरगी हात खाली घेईना. शेवटी वहिनीनं बाईंच्या काखेतली पिशवी काढून घेतली आणि हिंदुरावांनी हात दिला. विनयाबाई चप्पल काढून ट्रंकेवर चढल्या. फेटा लहान होता, पोराच्या मापाचा, त्यांच्या अंबाड्यावर कसाबसा बसला. सगळे परत उभे राहिले. त्या वर्षानुवर्षं खाली उभ्या राहून पोरांना वर चढवत आल्या होत्या, वरून माणसं कशी दिसतात ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. समोर सुनयना दोन्ही हात शरीराला चिकटवून, सगळ्यांत ताठ उभी होती, त्यांच्यासाठी. बाईंनी तोंडाला पदर लावला आणि ढसाढसा रडल्या. रडताना हसतही होत्या. लाज वाटायची ती वाटलीच नाही.

खाली उतरल्यावर आठवलं, की मानकऱ्यानं महिना लिहायचा राहिला. फळा नव्हता, खडू नव्हता. सुनयनानं रंगाच्या डब्यातला ब्रश उचलला. फौजेच्या ट्रंकेवर नंबर, हुद्दा आणि नावाखेरीज काही लिहायचं नसतं, हिंदुराव ते सांगायला पुढे झाले, मग फेटा घातलेल्या बाईंकडे पाहून थांबले. पोरीनं झाकणावर जून लिहिला. पहिलं अक्षर एवढं मोठं काढलं, की बाकीच्यांना कोपऱ्यात दाटीवाटीनं बसावं लागलं. बाईंनी नेहमीप्रमाणे बारकाईनं पाहिलं आणि कुठेही बोट ठेवलं नाही.

निघताना बाईंनी फेटा काढून तिला द्यायला हात वर नेला. तुझाच आहे, घेऊन जा जबलपूरला. सुनयना मागे सरकली.

“शाळेतल्या ट्रंकेत ठेवा बाई. पुढच्या जूनवाल्यांना लागेल. त्यांच्या घरी जावं लागेल तुम्हाला.”

बाईंनी तिला छातीशी धरलं, बराच वेळ. मग स्कूटरवर मागे बसल्या. ऊन चढलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बहावा फुललेला होता. गेटजवळ आल्यावर मुरलीधररावांनी आरशात पाहिलं आणि वेग कमी केला. डोक्यावर फेटा अजून तसाच आहे, म्हणाले, लोक बघतायत, काढतेस का?

“नाही,” विनयाबाई म्हणाल्या. “जून आहे.”